शोभिवंत माशांचे संप्रेरक-प्रेरित प्रजनन : 'यश' या शब्दाची चिकित्सा

प्रास्ताविक :

ठाणे जिल्ह्यातील भातशेतीच्या गावांत 'वलगण' हा शब्द अद्याप पुरता मागे पडलेला नाही. पहिला दमदार पाऊस होऊन ओढ्यांना गढूळ पाणी आले की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात आणि पार भातखाचरांपर्यंत पोचतात. या चढणीला, आणि त्या दोन-तीन रात्रींत होणाऱ्या मासेमारीलाही, वलगण म्हणतात. हे मासे गाभोळीने भरलेले असतात, हे भिवंडी तालुक्यात वडप्यासारख्या गावातल्या जुन्या माणसांना प्राणिशास्त्राच्या कोणत्याही पदवीवाचून ठाऊक असते. पाऊस, नवे पाणी आणि अंडी घालणे यांचा संबंध लोकांनी केव्हाच जोडला होता. पाण्याची ही खबर माशाच्या शरीरात नेमकी कोणत्या वाटेने पोचते, एवढेच विज्ञानाला शोधायचे होते. ती वाट सापडली आणि पावसाच्या जागी सुई आली.

प्रस्तुत लेखाचा विषय ही सुई नाही. संप्रेरकाच्या साहाय्याने बंदिस्त पाण्यात शोभिवंत माशांचे प्रजनन घडवून आणणाऱ्या संशोधनाविषयी जे लेखन आपल्याकडे होते, त्याची चिकित्सा येथे करावयाची आहे. सह्याद्रीतील देशी माशांवरचे असे लेख महाविद्यालयीन प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि मत्स्य महाविद्यालये सातत्याने लिहीत आली आहेत. त्यांतील बहुतेकांचा शेवट 'सदर प्रजातीचे प्रजनन यशस्वी झाले असून ही पद्धत संवर्धनास उपयुक्त ठरेल' अशा आशयाच्या विधानाने होतो. या विधानाचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. उत्तरार्ध मात्र त्यातून आपोआप निघत नाही, असे माझे म्हणणे आहे. कार्प माशांच्या बीजोत्पादनासाठी घडलेला मापदंड आपण दुर्मीळ, प्रदेशनिष्ठ माशांना जसाच्या तसा लावला, हे या गफलतीचे मूळ आहे.

मापदंड कोठून आला :

१९३० साली अर्जेंटिनात बर्नार्दो उसाय यांनी एका माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क पिल्ले देणाऱ्या दुसऱ्या माशाला टोचला, तेव्हा त्याची पिल्ले वेळेआधीच बाहेर आली. त्याच दशकात ब्राझीलमध्ये फॉन इहरिंग यांनी या तत्त्वाचा उपयोग अंडी घालणाऱ्या माशांवर केला. भारतात निर्णायक यश आले ते १९५७ साली, ओरिसात. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काने कार्प कुळातील माशांचे प्रजनन घडवून आणले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तेथे अंडी घालीत नाहीत. त्यामुळे मत्स्यबीजासाठी पुरात नदीवर जाळी लावून बसण्याखेरीज किंवा बंगालमधील बंधांवर विसंबण्याखेरीज इलाज नव्हता. नदीतून मिळालेल्या बीजात कोणकोणते मासे मिसळलेले आहेत, हेही ते वाढेपर्यंत कळत नसे. प्रेरित प्रजननाने हे परावलंबन संपवले. महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांत आज जे बोटुकलीचे संचयन होते, त्याच्यामागे ही सुई आहे.

तेथे प्रश्न खाद्योत्पादनाचा होता. म्हणून किती माद्यांनी प्रतिसाद दिला, किती अंडी फलित झाली, किती मत्स्यजिरे निघाले, हीच मोजमापे योग्य होती. कटल्याच्या बाबतीत अधिक मत्स्यजिरे म्हणजे अधिक यश, हे समीकरण ढोबळमानाने ठीक आहे. तेच तक्ते, त्याच स्तंभांसह, दोन बोटे लांबीच्या आणि मोजक्याच नद्यांत उरलेल्या माशासाठी वापरले जातात तेव्हा अडचण सुरू होते.

सुई नेमके काय करते :

माशाच्या मेंदूतून सुटणारे एक संप्रेरक पीयूष ग्रंथीला चालना देते आणि पीयूष ग्रंथीचे संप्रेरक अंडाशयाला. या साखळीला मेंदूतलाच एक लगाम असतो. तो म्हणजे डोपामिन. कार्प कुळात हा लगाम विशेष घट्ट आहे. नुसते चालना देणारे संप्रेरक टोचून जे होत नव्हते, ते लगाम सैल करणारे औषध सोबत दिल्यावर होऊ लागले. लिन आणि पीटर या चिनी व कॅनेडियन संशोधकांच्या नावांवरून या जोडउपायाला 'लिनपे' पद्धत म्हणतात. बाजारातील ओव्हाप्रिम हे त्याचेच तयार रूप आहे. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सामन माशाच्या संप्रेरकाचे कृत्रिम रूप २० मायक्रोग्रॅम आणि डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम असते. हे डोम्पेरिडोन म्हणजे आपल्या घरोघरी उलटीवर घेतात तेच. पुढे ओव्हाटाइड, वोव्हा-एफएच अशी भारतीय उत्पादनेही आली आणि बाजारातील माशांची डोकी फोडून ग्रंथी अल्कोहोलात साठवण्याचे काम बरेच कमी झाले.

मात्र येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. बंदिस्त पाण्यातील मादी बहुधा अंड्यांत पीतक साठवण्यापर्यंतचा प्रवास स्वतःच करते. ती अडते शेवटच्या पायरीवर, म्हणजे अंड्यांची अंतिम परिपक्वता आणि अंडमोचन येथे. सुई ही शेवटची पायरी ओलांडायला मदत करते. त्याआधीचे कित्येक महिन्यांचे पोषण, योग्य तापमान, गर्दी नसलेले पाणी यांची जागा ती घेऊ शकत नाही. अपक्व मादीला कितीही मात्रा दिली तरी हाती काही लागत नाही. म्हणजे संशोधनाचा खरा कस प्रजनक माशांच्या संगोपनात लागतो, आणि नेमका तोच भाग आपल्या लेखांत एका वाक्यात आटोपलेला असतो.

हे वाक्य वाचण्यासारखे असते. 'प्रजनक मासे स्थानिक नदीतून गोळा करण्यात आले.' कर्मणी प्रयोगाची एवढी सोय मराठीतही आहे आणि इंग्रजीतही. कोणी गोळा केले, कोणत्या महिन्यात, किती पकडले आणि त्यांतले किती वाटेतच मेले, हे त्यात कोठेच येत नाही. नदीतून गाभोळीने भरलेली मादी आणून दुसऱ्या दिवशी सुई टोचली आणि तिने अंडी दिली, तर ते बंदिस्त प्रजनन कितपत म्हणावे? नदीने वर्षभर केलेल्या कामाचे श्रेय शेवटच्या बारा तासांना द्यावे काय?

मात्रेचीही तीच गत. कार्पसाठी साधारणपणे प्रतिकिलो अर्धा मिलिलिटर ही मात्रा रूढ आहे. पाच ग्रॅम वजनाच्या माशासाठी हाच हिशेब केला तर मात्रा येते अडीच मायक्रोलिटर. साध्या सिरिंजने एवढा थेंब मोजताच येत नाही. औषध विरल करावे लागते, सुई अतिशय बारीक लागते, माशाला भूल द्यावी लागते, आणि एवढे करूनही हाताळणीत मासे दगावतात. अशा लेखात वाचकाला सर्वांत उपयोगी ठरेल ती हीच माहिती. पण विरलनाचे प्रमाण आणि प्रजनकांची मरतुक हे दोन स्तंभ तक्त्यात फार क्वचित आढळतात.

नियंत्रण गटाबाबतही बोलले पाहिजे. सुई न टोचलेले मासे त्याच टाकीत, त्याच पाण्यात ठेवायचे आणि त्यांनी अंडी दिली नाहीत म्हणून संप्रेरक आवश्यक ठरवायचे, ही रीत अपुरी आहे. पाणी बदलून, थंड व मृदू पाण्याचा प्रवाह सोडून, म्हणजे टाकीत पाऊस पाडून काय होते, हे आधी पाहावयास हवे. कोरिडोरास या दक्षिण अमेरिकी माशांना हौशी पालक असेच थंड पाणी घालून अंडी घालायला लावतात. पिल्ले देणारे गप्पी, मॉली, प्लॅटी तर सोडाच, पण गोल्डफिश, एंजल, गुरामी यांनाही संप्रेरकाची गरज नसते. सुई लागते ती मोजक्या गटांना. उदाहरणार्थ, इंडोनेशियातील क्लाउन लोच. या माशाच्या संप्रेरक-प्रेरित प्रजननावर फ्रेंच आणि इंडोनेशियन संशोधकांनी जे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात अंडी फलनापूर्वी कशी साठवता येतील याचाही विचार आहे. आपल्या लेखांशी ते काम ताडून पाहिले तर कोणत्या तपशिलावर थांबायचे याची जाण त्यांना अधिक असल्याचे दिसते.

संख्येचा भ्रम :

एक मादी आणि दोन नर हा कार्प प्रजननातील रूढ संच होय. शोभिवंत माशांसाठीही तोच वापरतात. अशा एका संचातून शेकडो पिल्ले निघाली तर लेखक हर्षभरित होतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अनुवंशशास्त्राच्या हिशेबाने ती सारी भावंडे आहेत. प्रभावी समष्टीचा आकार काढण्याचे सूत्र पदवीच्या पुस्तकात असते : नर आणि माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट, भागिले त्यांची बेरीज. एका मादीला दोन नर घेतले तर उत्तर येते सुमारे २.७. याचा अर्थ एका पिढीत अंतःप्रजननाची वाढ जवळजवळ १९ टक्के. पाच माद्या आणि दहा नर घेतले तरी आकडा सुमारे १३ वरच थांबतो आणि वाढ पावणेचार टक्के होते. संवर्धनशास्त्रात ही वाढ पिढीमागे एका टक्क्याच्या आत ठेवावी, असा जुना संकेत आहे. त्यासाठी प्रभावी आकार किमान ५० लागतो.

हे गणित विक्रीसाठी वाढवलेल्या माशांना लागू करण्याचे कारण नाही. काचेच्या पेटीत जन्म काढणाऱ्या माशाची अनुवंशिक विविधता कमी असली तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. पण 'ही पिल्ले नदीत सोडून प्रजातीचे संवर्धन करता येईल' असे लिहिताक्षणी ते लागू होते. तेव्हा पालक किती होते हा आकडा पिल्ले किती झाली या आकड्याच्या आधी यावयास हवा.

लोणावळा आणि कावेरी :

हा आक्षेप पुस्तकी वाटू नये म्हणून महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. ते शोभिवंत माशाचे नाही, महसीरचे आहे, आणि तेथे भर संप्रेरकापेक्षा पिकलेल्या माद्यांची अंडी हाताने काढून फलित करण्यावर होता. पण प्रश्न तोच आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून दख्खनी महसीरचे, म्हणजे टॉर खुद्रीचे, बीज तयार केले. हे काम चिकाटीचे होते. धरणांनी चढणीचे मार्ग तुटलेल्या या माशासाठी खासगी कंपनीने एवढे करणे त्या काळी दुर्मीळच होते. उबवणीचे प्रमाण, बोटुकलीची संख्या, दूरवर पाठवण्याची व्यवस्था, कोणत्याही मापाने ते यशस्वी ठरले. बीज इतर राज्यांतही गेले आणि कावेरीत सोडले गेले.

कावेरीत महसीरची स्वतःची एक जात होती. कुबड असलेला, नारिंगी परांचा, आकाराने प्रचंड. गळाने मासे पकडणाऱ्यांच्या शिबिरांतील नोंदवह्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा बाहेरून आलेल्या निळसर परांच्या महसीरची संख्या वाढत गेली आणि कुबड्या महसीर त्याच काळात घटत गेला, असे चित्र समोर आले. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे कुबड्या महसीरचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि नाव मिळाले त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त सूचीत गेला. एका नदीच्या माशाचे उत्तम प्रजनन दुसऱ्या नदीच्या माशाला भोवले. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. बीज तयार होते, सोडण्यास पाणी होते, आणि त्या पाण्यात आधीपासून कोण राहते याची यादी कोणी केलेली नव्हती.

शोभिवंत माशांत हा धोका अधिक आहे, कारण तेथे संकर हा दोष समजला जात नाही, तो माल असतो. सुईच्या साहाय्याने वेगवेगळ्या प्रजातींची अंडी आणि शुक्रद्रव एकत्र आणणे सोपे होते. सायनोडोंटिस या आफ्रिकी मार्जारमीनांचे असे संकर परदेशी शेतांतून येऊन खऱ्या प्रजातींच्या नावाने विकले जातात, ही हौशी पालकांची जुनी तक्रार आहे. काही ठिकाणी रंग लवकर यावा म्हणून पिल्लांना नर-संप्रेरकयुक्त खाद्य दिले जाते. हा भाग आपल्या लेखांच्या परिघाबाहेर राहतो. तंत्र मात्र एकच आहे.

बाजार नदीला काय देतो :

'बंदिस्त प्रजनन झाले की नदीतील उपसा थांबेल' हे दुसरे आवडते विधान. थायलंडच्या चाओ फ्राया खोऱ्यातील लालशेपटी काळा शार्क हा मासा जगभरच्या दुकानांत मिळतो, आणि तो शेतांवर संप्रेरक वापरून वाढवलेला असतो. नदीत मात्र १९९६ मध्ये तो नामशेष मानला गेला होता. नंतर तो थोड्या ठिकाणी आढळला आणि २०११ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. दुकानात मुबलक आणि नदीत जवळजवळ नाही, ही स्थिती दीर्घकाळ टिकू शकते, एवढे तरी त्यावरून कळते. दुकाने भरलेली असल्यामुळे नदीकडे पाहण्याची निकड कोणाला वाटत नाही, असेही म्हणता येईल.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस परिसरात कार्डिनल टेट्रा पकडून विकणे हाच शेकडो कुटुंबांचा व्यवसाय राहिला. जंगल आणि ओढे सुरक्षित राहिले तरच मासा मिळतो, हे त्यांना कळत होते, आणि त्यावर एक संवर्धन प्रकल्पही उभा राहिला. तोच मासा परदेशी शेतांवर स्वस्तात तयार होऊ लागला, तेव्हा नदी राखण्याचे आर्थिक कारणच क्षीण झाले. बंदिस्त प्रजनन हे नेहमी नदीच्या बाजूचेच असते, असे नाही.

सह्याद्रीपुरते बोलायचे तर केरळचा डेनिसन बार्ब, म्हणजे सह्याद्रिया डेनिसोनी, हे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो जागतिक बाजारात गाजला. पनंगाडच्या मत्स्य महाविद्यालयाने त्याच्या बंदिस्त प्रजननावर मोलाचे काम केले. केरळ शासनाने २००८ मध्ये पकडण्यावर निर्बंध आणले आणि जून, जुलै व ऑक्टोबर हे महिने बंदीचे ठरवले. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, हा आपला वलगणीचा अनुभव त्यामागे असावा. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या माशाचा प्रजननकाळ ऑक्टोबर ते मार्च असल्याचे दिसले. म्हणजे बंदीच्या बहुतांश काळात मासा अंडी घालीत नव्हता, आणि घालीत होता तेव्हा बहुतांश काळ पकडण्यास मोकळीक होती. सुईला ऋतू लागत नाही. म्हणूनच ऋतूची माहिती नसताना प्रजनन साधता येते आणि ती माहिती गोळा करण्याचे काम मागे पडते.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला असा मासा म्हणजे पट्टेरी बोटिया, बोटिया स्ट्रायाटा. कृष्णा खोऱ्याच्या वरच्या प्रवाहांतील हा लहानसा, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा मासा संकटग्रस्त सूचीत आहे. राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००५ ते २०१२ या काळात धोक्यातील ३० प्रजातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे भारतातून निर्यात झाले. त्यांत मोठा वाटा असलेल्या मोजक्या माशांत हा बोटिया होता. आपल्या राज्याच्या नद्यांतून एवढा मासा जातो आणि त्याचे मराठी नावही सर्वतोमुखी नाही.

लेखाकडून काय मागावे :

पदोन्नतीसाठी लेख मोजण्याची पद्धत २०१० नंतर ज्या तीव्रतेने आली, तिचा या लेखनाशी संबंध नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सुईचा प्रयोग एका पावसाळ्यात होतो आणि त्याचा लेख दिवाळीपर्यंत तयार असतो. बंदिस्त पाण्यात जन्मलेल्या पिढीला पुढची पिढी झाली का, हे पाहण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तेवढा वेळ ना विद्यार्थ्याकडे असतो, ना मार्गदर्शकाकडे. तरीही जीवनचक्र बंदिस्त पाण्यात पूर्ण झाले असेल तरच 'यशस्वी' हा शब्द वापरावा, आणि तोपर्यंत 'अंडमोचन घडले' एवढेच लिहावे, अशी अट समीक्षकांनी घालण्यास काय हरकत आहे? पीतक संपल्यावर पिल्लांना पहिला घास कोणता दिला, रोटिफर की आर्टेमिया की साधे इन्फ्युसोरिया, आणि त्यातून किती जगली, हा आकडा दिल्याशिवाय उबवणीची टक्केवारी छापू नये, हीही तशीच साधी अट.

आणि दुसऱ्या प्रकारच्या लेखाला जागा हवी. आंबोलीच्या महादेव मंदिराजवळील उगमाच्या पाण्यात राहणारा शिस्टुरा हिरण्यकेशी हा लोच २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून वर्णिला गेला आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागाच जैवविविधता वारसास्थळ घोषित केली. महाडजवळच्या वाळण कोंडीत महसीर देवाचे म्हणून कोणी मारीत नाही. या दोन्ही ठिकाणी मासा राखण्याआधी पाणी राखले गेले. येथे टाकीही नाही आणि मात्राही नाही, म्हणून आपल्या विभागांच्या दृष्टीने येथे 'प्रयोग' नसतो.

भिवंडी परिसरातील भातखाचरांवर गेल्या दोन-तीन दशकांत गोदामे उभी राहिली, महामार्ग रुंदावले आणि अनेक ओढे पाइपांत गेले. वलगण कोठे टिकून आहे, कोणत्या प्रजाती चढतात, कोणत्या तापमानाला आणि पाण्याच्या कोणत्या क्षारतेला चढतात, गाभोळीच्या माद्या कोणत्या तारखेला दिसतात, हे नोंदवण्यास तापमापक, चालकतामापक, मोजपट्टी आणि वही पुरते. बंदिस्त प्रजनन करणाऱ्यालाही शेवटी हेच आकडे लागतात, कारण टाकीत कोणता पाऊस पाडायचा हे त्यांतूनच ठरते. अडचण वेळापत्रकाची आहे. पहिला पूर रात्री येतो, वलगण दोन-तीन रात्रींत आटोपते, आणि आपल्याकडे जूनच्या त्याच आठवड्यात प्रवेशाची कामे लागलेली असतात.